रॉथॅमस्टेडचे प्रतिमान आणि काळी माती : शेतजमीन व गवताळ जमिनीतील कर्बसंचयाच्या गणिताची समीक्षा

सारांश : शेतजमिनीतील व गवताळ जमिनीतील सेंद्रिय कर्बाचा साठा कसा बदलतो, हे सांगण्यासाठी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात तयार झालेले 'रॉथ-सी' हे संगणकीय प्रतिमान जगभर वापरले जाते. प्रस्तुत लेखात या प्रतिमानाची रचना, त्याला मिळालेला प्रयोगांचा आधार आणि दख्खनच्या काळ्या मातीत त्याचा वापर करताना उद्भवणाऱ्या अडचणी यांचा विचार केला आहे. प्रतिमानाचा आकडा त्या त्या भूमीतील दीर्घकालीन मोजमापाने पडताळल्याशिवाय आर्थिक व्यवहाराचा आधार मानू नये, असे मत येथे मांडले आहे.

बीजशब्द : सेंद्रिय कर्ब, प्रतिमान, काळी माती, माळरान, दीर्घकालीन खत-प्रयोग.

प्रस्तावना

जमिनीतील सेंद्रिय कर्ब हा विषय दीर्घकाळ मृदाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापुरता आणि माती परीक्षणाच्या अहवालापुरता मर्यादित होता. गेल्या काही वर्षांत मात्र त्याला आर्थिक मूल्य प्राप्त झाले आहे. २०१५ मध्ये पॅरिस येथील हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सने 'हजारी चार' हा उपक्रम मांडला. जगातील मातीतील कर्बसाठा दरवर्षी हजारी चार या प्रमाणात वाढविता आला, तर वातावरणातील कर्बवायूच्या वाढीला मोठा आळा बसेल, अशी त्यामागील कल्पना होती. भारतात जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृषी क्षेत्रातील ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. शेतकऱ्याने जमिनीत साठविलेल्या कर्बाचे मोल त्याला मिळावे, हा विचार स्वागतार्हच आहे. परंतु मोल द्यावयाचे तर माप हवे. प्रत्येक शेतात दरवर्षी माप घेणे खर्चाचे असल्यामुळे मापाची जागा प्रतिमान घेऊ लागते. त्यामुळे प्रतिमानाची समीक्षा हा आता केवळ तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय राहिलेला नाही.

प्रतिमानाची जडणघडण

मातीतील सेंद्रिय द्रव्याचे विघटन गणिताने मांडण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये हेनिन आणि द्युप्वी यांनी १९४५ मध्ये केला. त्यांनी संपूर्ण सेंद्रिय द्रव्य एकाच साठ्यात धरले होते. १९७७ मध्ये डेव्हिड जेन्किन्सन व जेम्स रेनर यांनी रॉथॅमस्टेडच्या जुन्या प्रयोगांतील आकडेवारीवरून अनेक कप्प्यांचे प्रतिमान मांडले. त्याचीच सुधारित आवृत्ती जेन्किन्सन व केविन कोलमन यांनी १९९६ च्या सुमारास प्रसृत केली. अमेरिकेत विल्यम पार्टन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तेथील विस्तीर्ण गवताळ मैदानांच्या अभ्यासातून 'सेंच्युरी' हे प्रतिमान तयार केले. म्हणजे आज सर्वाधिक वापरात असलेल्या दोन प्रतिमानांपैकी एक मुख्यतः शेतजमिनीतून आणि दुसरे गवताळ जमिनीतून जन्मले आहे.

रॉथ-सीमध्ये मातीतील कर्ब पाच कप्प्यांत विभागला जातो : लवकर कुजणारे वनस्पतिद्रव्य, सावकाश कुजणारे वनस्पतिद्रव्य, सूक्ष्मजीवांचे वस्तुमान, ह्यूमस आणि अविकारी कर्ब. पहिल्या चार कप्प्यांना ठराविक विघटन-दर दिले आहेत. त्या दरांनुसार लवकर कुजणारे द्रव्य सुमारे २५ दिवसांत निम्मे होते, सावकाश कुजणारे सुमारे २.३ वर्षांत, सूक्ष्मजीवांचा कप्पा साधारण एका वर्षात आणि ह्यूमस सुमारे ३५ वर्षांत. पाचवा कप्पा बदलतच नाही असे मानले आहे. तापमान, मातीतील ओल आणि जमिनीवर पिकाचे आच्छादन आहे किंवा नाही, या तीन गोष्टींनुसार हे दर दरमहा बदलतात. विघटनातून किती कर्ब हवेत जातो आणि किती मातीत उरतो, हे चिकणमातीच्या प्रमाणावर ठरते. सारा हिशेब जमिनीच्या वरच्या २३ सेंटिमीटर थराचा असतो.

या रचनेतील मोठी अडचण अशी की, हे कप्पे कल्पित आहेत. मातीचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन 'हा ह्यूमसचा कप्पा' असे वेगळे काढून दाखविता येत नाही. मातीचे अपूर्णांक वेगळे करून त्यांची या कप्प्यांशी सांगड घालण्याचे प्रयत्न स्वित्झर्लंडमधील मातीवर झाले आहेत. परंतु २०१५ मध्ये लेमन व क्लेबर यांनी ह्यूमस या संकल्पनेवरच आक्षेप घेतला. कर्ब मातीत टिकतो तो त्याच्या रासायनिक दुर्विघटनशीलतेमुळे नव्हे, तर तो खनिजकणांना चिकटल्यामुळे आणि सूक्ष्मजीवांच्या आवाक्याबाहेर राहिल्यामुळे, अशी त्यांच्या मांडणीची दिशा आहे. ती मान्य केल्यास ३५ वर्षांचा अर्धकाल हा ह्यूमसचा गुणधर्म राहत नाही. तो एका विशिष्ट मातीचा आणि हवामानाचा गुणधर्म ठरतो.

प्रतिमानाचे सामर्थ्य

असे असूनही रॉथ-सीला प्रतिष्ठा लाभली, याचे कारण त्याच्यामागे उभे असलेले प्रयोग होत. लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये सुरू केलेला ब्रॉडबाल्क येथील गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे. तेथील एका वाफ्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत दिले जाते आणि त्यातील सेंद्रिय कर्ब खत न दिलेल्या वाफ्याच्या दुपटीहून अधिक झाला आहे. हूसफील्ड येथील सातूच्या प्रयोगात एका वाफ्याला १८५२ ते १८७१ या काळात शेणखत दिले आणि नंतर बंद केले. शंभराहून अधिक वर्षे लोटल्यानंतरही त्या वाफ्यातील कर्ब शेजारच्या बिनखताच्या वाफ्यापेक्षा जास्तच राहिला. वीस वर्षांच्या शेणखताची खूण शतकभर टिकते, ही गोष्ट कोणत्याही प्रतिमानाने समजावून सांगावी अशी आहे, आणि रॉथ-सी ती समजावून सांगते. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचा मातीतील शिरकाव हाही या प्रतिमानाच्या पडताळणीसाठी वापरला गेला.

इंग्लंडच्या थंड हवामानाबाहेरही त्याला काही आधार मिळाला. जेन्किन्सन व अयानाबा यांनी १९७७ मध्ये नायजेरियातील इबादान येथे केलेल्या प्रयोगात वनस्पतिद्रव्याचे विघटन रॉथॅमस्टेडच्या सुमारे चौपट वेगाने, पण त्याच क्रमाने होत असल्याचे आढळले. १९९७ मध्ये नऊ प्रतिमानांची तुलना सात दीर्घकालीन प्रयोगांतील आकडेवारीशी करण्यात आली, तेव्हा रॉथ-सी आणि सेंच्युरी ही दोन्ही चांगल्या गटात गणली गेली. त्यामुळे 'हे परदेशी प्रतिमान आहे, म्हणून ते चुकीचे' असा सोपा निष्कर्ष काढणे न्याय्य होणार नाही.

स्वगृहीचा वाद

प्रतिमान आणि मोजमाप यांचा संबंध किती नाजूक आहे, हे त्याच्या स्वतःच्या देशात घडलेल्या एका वादातून दिसते. २००५ मध्ये बेलामी व सहकाऱ्यांनी इंग्लंड व वेल्समधील मृदा-सर्वेक्षणाच्या आधारे असे दाखविले की, १९७८ ते २००३ या काळात तेथील मातीतून सरासरी दरवर्षी ०.६ टक्के या दराने कर्ब कमी झाला. जमिनीचा वापर कोणताही असला तरी घट दिसत असल्यामुळे त्यांनी हवामानबदलाकडे बोट दाखविले. २००७ मध्ये स्मिथ व सहकाऱ्यांनी प्रतिमानांच्या साहाय्याने या घटीचा केवळ १० ते २० टक्के भागच हवामानाने स्पष्ट होऊ शकतो, असे प्रतिपादन केले. पुढे ग्रामीण भूप्रदेशाच्या स्वतंत्र सर्वेक्षणातून १९७८ ते २००७ या काळात ग्रेट ब्रिटनमधील वरच्या थराच्या मातीत एकंदर लक्षणीय घट आढळली नाही. शेतजमिनीत मात्र ती आढळली.

या वादातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे प्रतिमानामुळे मोजमापाच्या अर्थाविषयी योग्य शंका उपस्थित करता आली. हा त्याचा खरा उपयोग होय. दुसरी गोष्ट अशी की, शंकेचे निराकरण मात्र दुसऱ्या मोजमापानेच होऊ शकले. जेथे दुसरे मोजमाप उपलब्धच नाही, तेथे प्रतिमानाचा शब्द अखेरचा ठरतो आणि तो तपासण्यास कोणी उरत नाही.

काळ्या मातीतील मे महिना

रॉथ-सीच्या मार्गदर्शिकेत त्याच्या मर्यादा प्रांजळपणे नोंदविल्या आहेत. खालच्या थरातील माती, ज्वालामुखीच्या राखेपासून नुकतीच बनलेली माती आणि ध्रुवानजीकच्या प्रदेशांतील माती यांसाठी ते जपून वापरावे आणि कायम पाणथळ जमिनीसाठी मुळीच वापरू नये, असे त्यात म्हटले आहे. या यादीत उन्हाळ्यात तडकणाऱ्या काळ्या मातीचा उल्लेख नाही. दख्खनच्या संदर्भात हीच उणीव महत्त्वाची ठरते.

उदाहरणादाखल विदर्भातील मे महिना घेऊ. महिन्याचे सरासरी तापमान सुमारे ३५ अंश सेल्सियस धरले, तर प्रतिमानाच्या सूत्रानुसार तापमानाचा गुणक सुमारे ५.८ येतो. रॉथॅमस्टेडच्या सरासरी तापमानाला हा गुणक १ असतो. ओलीचा गुणक १ वरून कमी होत जातो, परंतु माती कितीही कोरडी झाली तरी तो ०.२ च्या खाली जात नाही. दोहोंचा गुणाकार सुमारे १.१५ येतो. याचा अर्थ असा की, भेगाळलेल्या, पावसाचा थेंब न पडलेल्या मे महिन्यात काळ्या मातीतील विघटन रॉथॅमस्टेडच्या ओलसर जमिनीतील वार्षिक सरासरी वेगापेक्षाही जास्त चालते, असे प्रतिमान सांगते.

याहून गंभीर बाब उघड्या जमिनीविषयीची आहे. जमिनीवर पीक नसेल तर मुळे पाणी ओढून घेत नाहीत, म्हणून उघडी माती एका मर्यादेपलीकडे सुकत नाही, असे प्रतिमानात गृहीत धरले आहे. इंग्लंडच्या दृष्टीने ते रास्त आहे. या नियमाने उघड्या जमिनीतील ओलीची कमाल तूट पीक असलेल्या जमिनीच्या तुलनेत १.८ ने भागली जाते आणि ओलीचा गुणक ०.८४ च्या खाली उतरत नाही. खरिपाचे पीक काढल्यानंतर माती ओलसर असतानाच रिकामे राहिलेले शेत या नियमात बसते. त्याचा मे महिन्यातील एकत्रित गुणक जवळजवळ ४.९ येतो. याउलट रब्बीच्या पिकाने ओल पूर्णपणे शोषून घेतलेल्या शेताचा गुणक १.१५ येतो. एकाच शिवारातील, एकाच महिन्यातील, सारख्याच कोरड्या दोन शेतांत विघटनाचा वेग चौपटीने भिन्न दाखविला जातो. प्रत्यक्षात काळ्या मातीतील भेगांमधून हवा खोलवर शिरते आणि मुळे नसतानाही माती सुकत जाते, हे उन्हाळ्यात शेताच्या बांधावर उभे राहिलेल्या कोणालाही दिसते.

ही त्रुटी अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली नाही. फारिना व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कोरडवाहू प्रदेशांसाठी याच दोन ठिकाणी प्रतिमानात बदल सुचविले. परंतु वापरकर्ता कोणती आवृत्ती वापरतो आणि कोणता गुणक स्वीकारतो, हे अंतिम आकड्याकडे पाहून कळत नाही. शिवाय प्रतिमान महिन्याच्या हिशेबाने चालते. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मातीच्या अभ्यासातून दाखविले होते की, कोरडी माती पुन्हा भिजली की विघटनाला एकाएकी उधाण येते. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात हेच घडते. मासिक सरासरीत हा उद्रेक विरून जातो. इबादानच्या प्रयोगाने प्रतिमानाला दिलेला आधार दमट उष्णतेपुरता आहे. शुष्क उष्णतेला तो तसाच लागू पडत नाही.

आवक आणि समतोल यांविषयीची गृहीतके

प्रतिमान चालविण्यासाठी जमिनीत दरवर्षी किती वनस्पतिद्रव्य जाते, हे ठाऊक असावे लागते. ही माहिती बहुधा उपलब्ध नसते. अशा वेळी प्रतिमान उलटे चालविले जाते. आज मातीत जेवढा कर्ब मोजला गेला आहे, तेवढा टिकून राहण्यासाठी दरवर्षी किती आवक लागली असेल, हे प्रतिमानाकडूनच काढून घेतले जाते. त्यानंतर त्याच आवकेच्या आधारे भविष्याचा अंदाज केला जातो. जमीन आधीच समतोलात होती, हे यामागील गृहीतक आहे. प्रतिमानाने काढलेली आवक प्रतिमानालाच पुरवून मिळालेला आजचा मेळ हा पडताळा नव्हे, कारण तो आरंभीच जुळवून घेतलेला असतो.

कोरडवाहू शेतीत तर आवकेचा प्रश्न अधिकच बिकट आहे. ज्वारीचा कडबा जनावरांना जातो, तुरीची व कपाशीची पऱ्हाटी चुलीत जाते, शेणाचा काही भाग गोवऱ्यांच्या रूपाने जळतो आणि उरलेले शेणखत घराजवळच्या शेताला मिळते. परिणामी एकाच शेतकऱ्याच्या दोन शेतांतील आवक अगदी वेगळी असते. तालुक्याच्या पीक-उत्पादनाच्या आकडेवारीवरून काढलेली सरासरी आवक यांपैकी कोणत्याच शेताची नसते. ज्याने कडबा विकला आणि ज्याने काडीकचरा जमिनीत गाडला, त्या दोघांना सारखाच आकडा मिळणार असेल, तर कर्ब वाढविण्याचे प्रोत्साहन नेमके कोणाला, असा प्रश्न उरतो.

गवताळ जमिनीची स्थितीही वेगळी नाही. वनस्पतिद्रव्यातील लवकर व सावकाश कुजणाऱ्या भागांचे गुणोत्तर प्रतिमानात शेतजमीन व सुधारित कुरणासाठी १.४४, तर नैसर्गिक गवताळ जमीन व झुडुपी रानासाठी ०.६७ धरले जाते. रॉथॅमस्टेड येथील १८५६ पासूनचे पार्क ग्रास हे वर्षभर ओलावा असलेले, कापणीचे कुरण आहे. मराठवाड्यातील वा सोलापूरकडील माळरानावर कुसळी आणि मारवेल पावसाळ्याचे चार महिने हिरवे असतात, नंतर वाळतात, चरले जातात, कधी वणव्यात जळतात. सरकारी नोंदीत अशी कित्येक माळराने 'पडीक' या वर्गात मोडतात. तेथे वृक्षलागवड करून वा नांगर घालून कर्ब वाढेल, असे गणित मांडताना मूळ माळरानातील साठा किती होता, हेच अंदाजाने धरले जाते. जुने गवत नांगरले असता कर्ब जितक्या वेगाने कमी होतो, तितक्या वेगाने तो पुन्हा भरून येत नाही. हे पाहता अशा अंदाजाची चूक माळरानावर अवलंबून असलेल्या पशुपालकांना महागात पडू शकते.

मोजमापाची बाजू

प्रतिमानावर टीका करताना आपल्या मोजमापाची स्थितीही पाहिली पाहिजे. माती परीक्षणासाठी सामान्यतः वरच्या १५ सेंटिमीटर थराचा नमुना घेतला जातो, प्रतिमान २३ सेंटिमीटरचा हिशेब करते, तर हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शक सूत्रांत ३० सेंटिमीटर खोली धरली आहे. समजा, एका शेतात सेंद्रिय कर्ब ०.५० टक्के आहे आणि मातीची घनता घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम आहे. २३ सेंटिमीटर खोलीपर्यंत हेक्टरी सुमारे १५ टन कर्ब येतो. काळी माती ओलीने फुगते व सुकल्यावर आकसते, त्यामुळे तिची घनता ऋतूनुसार बदलते. घनता १.४ धरली तर साठा सुमारे १६.१ टन होतो. कर्बाचा एक कणही न वाढता हेक्टरी एक टनाहून अधिक 'वाढ' कागदावर दिसते. वर्षाला हेक्टरी पाव टन कर्बवाढीचा दावा असेल, तर ही चूक चार वर्षांहून अधिक काळाच्या कमाईएवढी आहे.

आपल्या प्रयोगशाळांत रूढ असलेली वॉक्ली-ब्लॅक पद्धतीही १९३४ मध्ये रॉथॅमस्टेडमधूनच आली. तीत सरासरी ७७ टक्के कर्बाचेच ऑक्सिडीकरण होते असे मानून गुणक लावला जातो. हे प्रमाण मातीनुसार बदलते, परंतु गुणक बदलत नाही. याखेरीज काळ्या मातीत चुनखडीच्या रूपाने असेंद्रिय कर्बही मोठ्या प्रमाणात असतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन संस्थेतील संशोधकांच्या अंदाजानुसार भारताच्या मातीत दीड मीटर खोलीपर्यंत सेंद्रिय कर्ब सुमारे ३० अब्ज टन, तर असेंद्रिय कर्ब सुमारे ३४ अब्ज टन आहे. रॉथ-सीच्या हिशेबात या दुसऱ्या साठ्याला स्थानच नाही. अर्थात चुनखडी वाढली म्हणजे कर्ब साठला, असेही म्हणता येत नाही. तिच्यातील कॅल्शियम जुन्या चुनखडीच्या विरघळण्यातून आले असेल, तर निव्वळ लाभ शून्य असतो, आणि अर्धशुष्क प्रदेशात चुनखडीची वाढ हे जमिनीच्या ऱ्हासाचे लक्षणही ठरते.

याच संस्थेने जागतिक पर्यावरण सुविधेच्या साहाय्याने झालेल्या प्रकल्पात गंगेच्या मैदानासाठी रॉथ-सी व सेंच्युरी यांचा वापर केला आणि २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे अकोल्याच्या दीर्घकालीन प्रयोगावर सेंच्युरीची, तर काळ्या मातीतील चार दीर्घकालीन खत-प्रयोगांवर रॉथ-सीची चाचणी घेण्यात आली. हीच दिशा योग्य होय. परंतु प्रयोगक्षेत्रावरील वाफ्यात दिलेल्या प्रत्येक खताची नोंद असते. शेतकऱ्याच्या शेतात ती नसते. वाफ्यावर सिद्ध झालेले प्रतिमान शिवारावर आपोआप सिद्ध होत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनाचा रोख प्रतिमान टाकून देण्याकडे नाही. शेणखताचा परिणाम शतकभर का टिकतो, गवत नांगरल्यावर कर्ब का घटतो, हे समजून घेण्यास रॉथ-सीइतके सुबोध साधन दुसरे क्वचितच असेल. परंतु समजून घेण्याचे साधन आणि पैसे देण्याघेण्याचे माप या दोन भिन्न गोष्टी आहेत. रॉथॅमस्टेडच्या प्रतिमानाला जे बळ लाभले ते त्याच्या समीकरणांमुळे कमी आणि तेथे जपून ठेवलेल्या माती व पिकांच्या सुमारे ३ लाख नमुन्यांमुळे अधिक. नवी शंका निघाली की जुन्या बाटलीतील माती पुन्हा तपासता येते.

आपल्याकडेही ही परंपरा अगदीच नाही असे नाही. कोईमतूर येथील कायम खत-प्रयोग १९०९ पासूनचा आहे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये दीर्घकालीन खत-प्रयोगांची अखिल भारतीय योजना सुरू केली. पुढे अकोला व परभणी ही केंद्रेही तीत आली. या प्रयोगांतील मातीचे नमुने जतन करणे, कोरडवाहू शेते व माळराने यांवर कायम निरीक्षण-वाफे राखणे, नमुन्याची खोली व घनतेची पद्धत एकसारखी ठरविणे आणि कर्बाच्या प्रत्येक व्यवहारात प्रतिमानाची आवृत्ती, गृहीत धरलेली आवक व अंदाजाची अनिश्चितता शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत लेखी देणे, एवढ्या गोष्टी तरी आधी व्हाव्यात. कर्बाच्या करारावर सही करणारा शेतकरी आपल्या जमिनीविषयीचा एक आकडा मान्य करीत असतो. तो आकडा त्याच्या जमिनीवर तपासलेला असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.